तागान्कातील रिकामी खुर्ची : युरी ल्युबिमोव यांच्या नाट्यसंस्थेचे एक प्रकरण

मार्च १९८४ मध्ये मॉस्कोतील तागान्का नाट्यगृहाच्या मुख्य दिग्दर्शकाला कामावरून काढण्यात आले. कागदोपत्री कारण होते सबळ कारणाशिवाय कामावरील गैरहजेरी. वीस वर्षे ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जात होती ते युरी ल्युबिमोव त्या वेळी परदेशात होते आणि ते का परतत नाहीत हे मॉस्कोत सर्वांना ठाऊक होते. काही दिवसांतच त्यांच्या जागी दुसऱ्या दिग्दर्शकाची नेमणूक झाली. हा दुसरा माणूस सुमार किंवा सरकारी खुशमस्कऱ्या असता, तर प्रकरण सोपे झाले असते. ते अनातोली एफ्रोस होते, म्हणजे त्या पिढीतील सर्वांत मोठ्या दोन-तीन दिग्दर्शकांपैकी एक. म्हणूनच या घटनेची मांडणी ‘सत्ता विरुद्ध कलावंत’ एवढ्या एका ओळीत आटोपत नाही.

पुढे या प्रकरणातील निर्णय क्रमाने मांडले आहेत. मुख्य व्यक्ती सार्वजनिक जीवनातील असल्यामुळे त्यांची नावे दिली आहेत. नटसंचातील ज्यांची भूमिका वैयक्तिक राहिली, त्यांची नावे दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

ल्युबिमोव यांचा जन्म १९१७ मध्ये यारोस्लाव्ल येथे झाला. दिग्दर्शक म्हणून ते जगाला माहीत झाले ते वयाच्या सेहेचाळिशीनंतर. त्याआधी ते मॉस्कोच्या वाख्तांगोव नाट्यगृहातील एक देखणे, लोकप्रिय आणि सर्व अर्थांनी मान्यताप्राप्त नट होते. रोमिओच्या भूमिकेत ते गाजले होते, ‘कुबानचे कोझाक’ या रंगीत चित्रपटामुळे घरोघरी पोहोचले होते आणि १९५२ मध्ये गॉर्कीच्या नाटकातील भूमिकेसाठी त्यांना स्तालिन पारितोषिक मिळाले होते. हा तपशील पुढच्या प्रकरणासाठी महत्त्वाचा आहे, कारण ज्या व्यवस्थेशी त्यांचे वीस वर्षे वाजत राहिले तिच्या बाहेरून ते आलेले नव्हते. तिच्या पंगतीत मानाच्या पाटावर बसून झाल्यावर ते उठले होते.

वाख्तांगोवला जोडलेल्या श्चुकिन नाट्यविद्यालयात ते शिकवत असत. १९६३ मध्ये तेथील विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी जर्मन नाटककार ब्रेख्तचे ‘सेझुआनचा भला माणूस’ बसवले. विद्यालयातील काही ज्येष्ठांना ते पटले नाही. रंगमंच जवळपास रिकामा होता, नट प्रेक्षकांकडे तोंड करून बोलत होते, गाणी कथेच्या मध्येच उभी राहत होती, आणि वास्तववादी अभिनयपद्धतीचा प्रवर्तक स्तानिस्लाव्स्की याच्या नावाने जे पोथीबद्ध झाले होते त्याचा मागमूस नव्हता. प्रेक्षकांनी मात्र दारे मोडायचे बाकी ठेवले. लेखक कॉन्स्तान्तिन सिमोनोव यांनी कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र असलेल्या ‘प्रावदा’त अनुकूल लिहिल्यामुळे या प्रयोगाला संरक्षण मिळाले. शहराच्या तागान्का चौकात १९४६ पासून एक मरगळलेली नाट्यसंस्था होती. ती ल्युबिमोव यांच्याकडे सोपवण्यात आली आणि २३ एप्रिल १९६४ रोजी याच नाटकाने तागान्काचा नवा आरंभ झाला. पुढे ल्युबिमोव कायमचे निघून जातील तेव्हाही हे नाटक हजर असेल.

दर्शनी दालनात त्यांनी ब्रेख्त आणि वाख्तांगोव व मेयरहोल्ड हे दोन रशियन दिग्दर्शक यांची चित्रे लावली. मेयरहोल्डला १९४० मध्ये गोळी घालण्यात आली होती आणि १९५५ पर्यंत त्याचे नाव घेणेही धोक्याचे होते. अधिकाऱ्यांनी स्तानिस्लाव्स्कीचे चौथे चित्र लावायला सांगितले. ते लावण्यात आले. तागान्काचा सगळा इतिहास अशा तडजोडींचा आहे : एक चित्र त्यांच्या सांगण्यावरून लावायचे आणि तीन आपली टिकवायची.

‘जगाला हादरवणारे दहा दिवस’ या १९६५ च्या नाटकात सैनिकाच्या वेशातील नट दारातच तिकिटे संगिनीच्या टोकावर टोचून घेत. १९७१ च्या ‘हॅम्लेट’मध्ये दाविद बोरोव्स्की यांनी केलेला जाड लोकरीचा पडदा रंगमंचावर चहूकडे फिरत असे, तो कधी भिंत होई, कधी सिंहासन आणि कधी माणसांना झाडून टाकणारे वादळ. काळा स्वेटर घातलेला नट आणि कवी-गायक व्लादिमीर विसोत्स्की गिटार घेऊन पास्तरनाकची कविता गात नाटकाला सुरुवात करत असे. बुल्गाकोवची ‘मास्टर आणि मार्गारिटा’ ही कादंबरी त्यांनी १९७७ मध्ये रंगमंचावर आणली. प्रयोग चालू असताना ल्युबिमोव प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला तीनरंगी विजेरी घेऊन बसत आणि नटांना खुणा करत. हिरवा उजेड दिसला की ठीक चालले आहे, लाल दिसला की बिघडले आहे. शेकडो प्रयोग झालेल्या नाटकालाही ते विजेरी घेऊन येत. प्रयोग नटांच्या हाती सोपवून निवांत घरी जाणारा हा दिग्दर्शक नव्हता, आणि ज्या संस्थेत रोज मागून उजेडाची खूण येते तिला त्या उजेडाची सवय लागते.

परवानगीची पद्धतही इथे सांगितली पाहिजे. मराठी वाचकाला परिनिरीक्षण मंडळ ठाऊक आहे. तेथे संहिता जाते, काटछाट होते आणि प्रमाणपत्र मिळते. मॉस्कोत संहितेची तपासणी ही पहिली पायरी असे. त्यानंतर महिनोन् महिने तालमी करून, नेपथ्य, वेशभूषा, संगीत सर्व तयार झाल्यावर संपूर्ण प्रयोग शहराच्या संस्कृती विभागाच्या अधिकाऱ्यांसमोर करून दाखवावा लागे, आणि तयार झालेले नाटक त्या टप्प्यावर थांबवले जाऊ शकत असे. बोरिस मोझायेव यांच्या कथेवरील ‘जिवंत’ हे नाटक १९६८ मध्ये असेच थांबले. सामूहिक शेतीतून बाहेर पडू पाहणाऱ्या फ्योदोर कुझ्किन नावाच्या शेतकऱ्याची ती गोष्ट होती आणि ती भूमिका वालेरी झोलोतुखिन करत होते. संस्कृतीमंत्री येकातेरिना फुर्त्सेवा यांनी स्वतः रंगीत तालीम पाहून त्याला विरोध केला. एकवीस वर्षे ते नाटक तिकिटावर लागले नाही.

प्रश्न कसा चिघळला

२५ जुलै १९८० रोजी, ऑलिम्पिक स्पर्धा चालू असताना, विसोत्स्की वारले. त्यांनी शेवटचा ‘हॅम्लेट’ १८ जुलैला केला होता. वृत्तपत्रांत जवळपास काही आले नाही, तरी नाट्यगृहासमोर हजारोंचा जनसागर लोटला. ल्युबिमोव यांनी त्यांच्या गाण्यांवर आणि कवितांवर आधारलेला स्मृतिप्रयोग बसवला. १९८१ मध्ये त्याच्यावर बंदी आली. पुढच्या वर्षी त्यांनी पुश्किनचे ‘बोरिस गोदुनोव’ घेतले. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या अभिजात नाटकावर बंदी कशी येईल, असे कोणालाही वाटावे. पण देशाचे सर्वोच्च नेते ब्रेझनेव नोव्हेंबर १९८२ मध्ये वारले, सत्ता आंद्रोपोव यांच्याकडे गेली, आणि एक राजा जाऊन दुसरा येण्याची, तोतयाची आणि गप्प राहणाऱ्या प्रजेची ही गोष्ट नेमकी त्याच महिन्यात तालमीत होती. पुश्किनची शेवटची रंगसूचना ‘लोक गप्प राहतात’ अशी आहे. अधिकाऱ्यांना ती सूचना दीडशे वर्षांपूर्वीची वाटली नाही. हे नाटकही थांबले.

म्हणजे १९८३ च्या उन्हाळ्यात स्थिती अशी होती : दिग्दर्शकाचे वय पासष्ट, त्यांची लागोपाठची दोन मोठी कामे बंदिस्त, प्रमुख नट गेलेला, आणि संस्था मात्र वरवर यशाच्या शिखरावर. नवी, मोठी, लाल विटांची इमारत १९८० मध्येच उघडली होती. पुढे भांडण होईल ते याच इमारतीवरून.

पहिला निर्णय : लंडन

त्या वर्षी ल्युबिमोव रीतसर परवानगीने लंडनला गेले. हॅमरस्मिथच्या लिरिक नाट्यगृहात त्यांना इंग्रज नटांबरोबर दस्तयेवस्कीचे ‘गुन्हा आणि शिक्षा’ बसवायचे होते. ५ सप्टेंबर १९८३ रोजी ‘द टाइम्स’ने त्यांची मुलाखत छापली. तिचा आशय असा की माझे वय पासष्ट आहे आणि अधिकाऱ्यांना संस्कृती कळेपर्यंत थांबायला माझ्याकडे वेळ उरलेला नाही. दूतावासातील एका माणसाने आपल्याला ‘गुन्हा घडला आहे, शिक्षा होईल’ असे सुनावल्याचे ते पुढे सांगत असत.

त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. एक म्हणजे नेहमीप्रमाणे गप्प परतणे आणि घरी बसून लढणे. ही वाट त्यांना पाठ होती. १९६८ मध्ये त्यांना पदावरून काढण्याच्या हालचाली झाल्या तेव्हा थेट ब्रेझनेव यांच्यापर्यंत तक्रार नेऊन ते वाचले होते. दुसरी म्हणजे उघडपणे देशत्याग जाहीर करणे. तिसरी या दोहोंच्या मधली : प्रकृतीच्या कारणाने परदेशात थांबायचे आणि थांबलेल्या नाटकांना परवानगी दिल्यास परत येतो असा निरोप पाठवायचा. त्यांनी तिसरी निवडली.

तिसरी वाट चुकीची होती असे मी म्हणणार नाही. मात्र ती चालायची, तर समोर सौदा करायला कोणीतरी असावे लागते. आंद्रोपोव त्या काळात आजारी होते आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये वारले. त्यांच्यामागून आलेले चेर्नेन्को स्वतःच थकलेले होते. १९६८ मध्ये वरच्या माणसापर्यंत पोहोचणारा जो दोर उपयोगी पडला होता, तो १९८४ मध्ये कोठेच बांधलेला नव्हता. शिवाय या मधल्या वाटेत एका गोष्टीचा विचार झालेला दिसत नाही : सौदा चालू असताना मॉस्कोतील नटमंडळींनी काय करायचे? त्यांना रोज संध्याकाळी पडदा उघडायचाच होता.

दुसरा निर्णय : खुर्चीवर कोणाला बसवायचे

प्रशासनाने ल्युबिमोव यांना काढले, पक्षातून वगळले आणि जुलै १९८४ मध्ये त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. जाहिरातींवरून त्यांचे नाव गेले, त्यांची काही नाटके मात्र चालू राहिली. मुख्य दिग्दर्शकाची जागा काही काळ रिकामी ठेवता आली असती. संस्थेतील एखाद्याला प्रभारी म्हणून नेमता आले असते. निकोलाय गुबेन्को हे तागान्काच्या पहिल्या फळीतील नट चित्रपट-दिग्दर्शनाकडे वळल्यानंतर १९८० मध्ये परतले होते आणि नटसंचाला ते चालले असते. तिसरा पर्याय बाहेरचा माणूस आणण्याचा होता.

बाहेरचा माणूस निवडण्यात आला, आणि तोही असा की ज्याच्या प्रतिभेवर बोट ठेवता येणार नाही. ही निवड धूर्तपणाची होती की निव्वळ प्रशासकीय सोयीची, यावर आजही मतभेद आहेत. परिणाम मात्र धूर्तपणाचाच झाला, कारण त्या दिवसापासून नटांचा राग ज्या खोलीतून आदेश निघाला तिच्याकडे न वळता रंगमंचावर समोर उभ्या असलेल्या माणसाकडे वळला.

तिसरा निर्णय : एफ्रोस यांचा होकार

या प्रकरणातील सर्वांत अवघड जागा ही आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळावे लागेल.

एफ्रोस तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. पदावरून काढले जाणे म्हणजे काय, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. १९६३ ते १९६७ ते मॉस्कोच्या लेनिन कोम्सोमोल नाट्यगृहाचे मुख्य दिग्दर्शक होते आणि तेथून त्यांना अशाच रीतीने बाजूला करण्यात आले होते. नंतरची सतरा वर्षे ते मालाया ब्रोन्नाया नाट्यगृहात साधे दिग्दर्शक म्हणून राहिले. त्यांचे १९६७ मधील ‘तीन बहिणी’ बंद करण्यात आले, पण गोगोलचे ‘लग्न’ आणि तुर्गेनेवचे ‘खेड्यातील एक महिना’ हे त्यांचे प्रयोग त्या काळातील श्रेष्ठ नाट्यकृतींत गणले जातात. त्यांची पद्धत ल्युबिमोव यांच्या पूर्ण उलट होती. ल्युबिमोव रंगमंच, प्रकाश, संगीत आणि शब्द यांचा मोठा आघात उभा करत. एफ्रोस दोन माणसांमधील न बोललेल्या वाक्यावर तासन् तास तालीम घेत. १९८४ पर्यंत ब्रोन्नायातही त्यांचे नटांशी आणि व्यवस्थापनाशी बिनसले होते. म्हणजे त्यांना घर हवे होते आणि जे समोर आले ते दुसऱ्याचे होते.

त्यांनी तागान्कात पूर्वी काम केले होते, ही बाब बहुतेक चर्चांत निसटते. १९७५ मध्ये ल्युबिमोव मिलानला ला स्काला येथे ऑपेरा बसवायला गेले, तेव्हा त्यांच्याच निमंत्रणावरून एफ्रोस यांनी तागान्काच्या नटांना घेऊन चेखवचे ‘चेरीची बाग’ केले. अल्ला देमिदोवा राणेव्स्काया होत्या, विसोत्स्की लोपाखिन होते, झोलोतुखिन पेत्या त्रोफिमोव होते. ल्युबिमोव यांना तो प्रयोग आवडला नाही, पण नटांना त्यातून काही नवे गवसले आणि विसोत्स्कींचा लोपाखिन आजही आठवला जातो. तोच माणूस, तेच नाट्यगृह, बरेचसे तेच नट. १९७५ मध्ये काम जमले आणि १९८४ मध्ये जमले नाही. तेव्हा नटांचे शिक्षण वेगळे होते आणि शैली जुळत नव्हती, हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. पाहुणा म्हणून आलेल्या दिग्दर्शकाला नट स्वतःला देऊ शकतात. वारस म्हणून आणलेल्या दिग्दर्शकाला द्यायचे, तर आधीचा माणूस गेला हे मान्य करावे लागते, आणि तसे मान्य करणे म्हणजे आदेशावर आपलीही सही करणे, अशी त्या वेळच्या तागान्कातील भावना होती.

एफ्रोस यांनी होकार देताना यांतील काय तोलले, हे त्यांच्या कृतीवरूनच ताडावे लागते. आपण कामाने मने जिंकू, चांगली तालीम सगळे भांडण पुसून टाकते, असा त्यांचा विश्वास असावा. नाटकवाल्या माणसाचा हा नेहमीचा आणि नेहमी अर्धाच खरा ठरणारा विश्वास आहे. त्यांनी गॉर्कीचे ‘तळागाळात’ घेतले, ‘चेरीची बाग’ पुन्हा उभे केले, स्वेतलाना अलेक्सियेविच यांच्या पुस्तकावर आधारलेले युद्धातील स्त्रियांचे नाटक केले आणि १९८६ मध्ये मोलिएरचे ‘मिझांथ्रोप’ केले. काम ते करत राहिले. मात्र ल्युबिमोव यांच्याविषयी नटांसमोर मोकळेपणाने उभे राहून, ही खुर्ची कोणाची आहे हे मला ठाऊक आहे, असे सांगणारी कृती झाली नाही, किंवा झाली असल्यास ती कोणाच्या मनावर उमटली नाही. परदेशातून ल्युबिमोव यांनी त्यांच्या होकारावर कठोर टीका केली, आणि ती टीका मॉस्कोत रेडिओवरून व तोंडोतोंडी पोहोचत होती.

चौथा निर्णय : नटांचा

नटांपुढेही पर्याय होते आणि त्यांनी एकच निवडला नाही, म्हणून ‘तागान्काने एफ्रोसला छळले’ हे सरसकट विधान मला मान्य नाही. लिओनिद फिलातोव, वेनिआमिन स्मेखोव आणि आणखी काही जण १९८५ मध्ये सोव्रेमेन्निक नाट्यगृहात गेले. देमिदोवा आणि झोलोतुखिन राहिले आणि मनापासून काम करत राहिले. तिसरा गट राहिला, पण असहकाराने राहिला : तालमीत थंडपणा, मागून शेरे, नव्या माणसाला पदोपदी परकेपणाची जाणीव. पुढील काळात नावे न घेता ज्याच्याविषयी सर्वाधिक बोलले गेले, तो हाच गट.

सोडून जाणे प्रामाणिक होते आणि राहून काम करणेही प्रामाणिक होते. राहायचे, पगार घ्यायचा आणि समोरच्याला रोज थोडे थोडे शिक्षा करायची, हा मधला मार्ग मात्र कोणाच्याही निष्ठेची सेवा करत नव्हता. बऱ्याच वर्षांनी फिलातोव यांनी एफ्रोस यांच्याबाबत आपल्याकडून अपराध घडला, अशी कबुली जाहीरपणे दिली. ते तर सोडून गेलेल्यांपैकी होते.

परिणाम

१९८६ च्या अखेरीस देशातील हवा बदलू लागली होती. ल्युबिमोव यांना परत येऊ द्यावे म्हणून संस्थेतून वर पत्र गेले. त्यावर एफ्रोस यांनीही सही केली होती, असे त्या काळाच्या आठवणींत येते. १३ जानेवारी १९८७ रोजी एफ्रोस हृदयविकाराने वारले. त्यांचे वय एकसष्ट होते.

आता नटसंचाने गुबेन्को यांना पुढे केले आणि ते मुख्य दिग्दर्शक झाले. आपण जागा राखून आहोत, ल्युबिमोव परतले की ती त्यांची, अशी त्यांची उघड भूमिका होती. १९८४ मध्ये कोणालाच न सुचलेली किंवा कोणालाच शक्य न झालेली ही भूमिका होती. मे १९८८ मध्ये ल्युबिमोव पाहुणे म्हणून दहा दिवसांसाठी मॉस्कोत आले आणि थांबलेल्या ‘बोरिस गोदुनोव’च्या तालमीला बसले. ते नाटक त्याच वर्षी लागले, विसोत्स्की स्मृतिप्रयोगही पुन्हा सुरू झाला. १९८९ मध्ये ‘जिवंत’ अखेर प्रेक्षकांसमोर आले. कुझ्किनची भूमिका झोलोतुखिन यांनीच केली. तरुणपणी पाठ केलेले संवाद ते आता पन्नाशीकडे झुकलेल्या आवाजात म्हणत होते. त्याच वर्षी ल्युबिमोव यांना नागरिकत्व परत मिळाले आणि गुबेन्को सोव्हिएत संघाचे संस्कृतीमंत्री झाले. ज्या खात्याने दोन दशके तागान्काला छळले, त्याच्या शिखरावर आता तागान्काचा नट बसला होता. प्रकरण इथे संपले असते, तर फार देखणे झाले असते.

परतलेले ल्युबिमोव बराच काळ परदेशातच काम करत होते आणि तिकडच्या नाट्यगृहांची शिस्त त्यांनी पाहिली होती. नटांना कायमस्वरूपी नोकरीऐवजी ठरावीक मुदतीच्या करारावर घ्यावे आणि संस्थेची सूत्रे एका माणसाच्या हाती असावीत, असे त्यांना वाटू लागले. कलेच्या दृष्टीने हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. पण तो आला केव्हा, हे पाहायला हवे. सोव्हिएत संघ कोसळत होता, बचती वितळत होत्या, आणि वीस-पंचवीस वर्षे संस्थेत घालवलेल्या नटांना त्या प्रस्तावात आपली हकालपट्टी दिसली. त्यांनी ज्यांच्या परतीसाठी पत्रे लिहिली होती, तेच आता दारावर करार घेऊन उभे होते. नटांचा मोठा गट गुबेन्कोंच्या बाजूला गेला. १९९३ मध्ये संस्था दुभंगली. नवी इमारत ‘तागान्का नट-समूह’ या नव्या संस्थेकडे गेली, जुना रंगमंच ल्युबिमोव यांच्याकडे राहिला. फिलातोव गुबेन्कोंबरोबर गेले, आणि झिनाइदा स्लाविनाही गेल्या. १९६३ च्या त्या पहिल्या प्रयोगातील शेन-ते, म्हणजे तो ‘भला माणूस’, त्यांनीच साकारला होता.

कोठे वेगळे वागता आले असते

पहिली जागा लंडनची. मुलाखत देऊ नये, असे म्हणणे मागाहूनचे शहाणपण ठरेल. बंदी आलेल्या कलावंताने बोलूही नये, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. मात्र परतण्याची अट घालतानाच ल्युबिमोव यांना नटांना स्पष्ट शब्दांत कळवता आले असते की मी नसताना गुबेन्को पाहतील, किंवा जो कोणी येईल त्याच्याबरोबर नाटके जिवंत ठेवा. असे पत्र पोहोचवणे सोपे नव्हते, पण निरोप पोहोचत होते. टीका पोहोचली तसा हाही पोहोचला असता. तो न आल्यामुळे निष्ठेचा अर्थ प्रत्येकाने आपल्या परीने लावला आणि सर्वांत मोठ्या आवाजातला अर्थ बाकीच्यांवर लादला गेला.

दुसरी जागा एफ्रोस यांची. पद नाकारून फक्त एक नाटक पाहुणा दिग्दर्शक म्हणून करण्याची तयारी त्यांनी दाखवली असती, तर १९७५ चा अनुभव पाठीशी होता. प्रशासनाने ते मानले असतेच असे नाही, आणि ब्रोन्नायात परतणेही आता सुखाचे नव्हते. तरीही पद आणि काम या दोन गोष्टी वेगळ्या मागता येतात, हे त्यांच्या लक्षात येऊ शकले असते. आयुष्यातील सर्वोत्तम कामे त्यांनी पदाविनाच केली होती.

तिसरी जागा १९८८ ते १९९२ ची आहे, आणि माझ्या मते सर्वांत अधिक टाळता येण्याजोगे नुकसान इथेच झाले, कारण या वेळी वरून कोणाचा दबाव नव्हता. ल्युबिमोव नसतानाच्या पाच वर्षांत संस्था बदलली होती. काही नट गेले आणि परतले होते, काहींनी एफ्रोस यांच्याबरोबर चांगले काम केले होते, काही अपराधभावाने वावरत होते. या कशाविषयीही एकदा बसून बोलणे झाल्याचे दिसत नाही. परतीचा आनंद एवढा मोठा होता की हिशेब मांडणे अशोभनीय वाटले असावे. मुख्य दिग्दर्शकाचे अधिकार काय, नटांच्या सभेचे काय, तो महिनोन् महिने बाहेर असल्यास निर्णय कोणी घ्यायचे, नवी इमारत नेमकी कोणाच्या नावे आहे, या साध्या व्यवहारी प्रश्नांची उत्तरे लेखी असती, तर कराराचा मुद्दा वाटाघाटीचा झाला असता. तो विश्वासघाताचा झाला. चळवळीतून जन्मलेल्या नाटकमंडळ्यांना घटना-नियमांचा कंटाळा असतो. तागान्काला तर नियम म्हटले की अधिकारीच आठवत.

ल्युबिमोव जुन्या रंगमंचावर आणखी अठरा वर्षे काम करत राहिले. जून २०११ मध्ये प्राग येथील दौऱ्यात ‘सेझुआनचा भला माणूस’च्या तालमीआधी नटांनी मानधन मागितले आणि त्यावरून जाहीर भांडण झाले. त्र्याण्णव वर्षांच्या दिग्दर्शकाने राजीनामा दिला. त्यानंतर त्यांनी वाख्तांगोव नाट्यगृहात दस्तयेवस्कीचे ‘सैतान’ आणि २०१३ मध्ये बोल्शोयमध्ये ‘प्रिन्स इगोर’ हा ऑपेरा केला; ५ ऑक्टोबर २०१४ रोजी ते वारले. तागान्कात ते परतले नाहीत.

त्यांच्या जाण्यानंतर संस्थेचे संचालकपद झोलोतुखिन यांनी स्वीकारले. १९६८ मध्ये बंद पडलेल्या नाटकातील तो शेतकरी, १९८४ मध्ये एफ्रोस यांच्याबरोबर राहिलेला, १९९३ मध्ये ल्युबिमोव यांच्या बाजूला उभा असलेला हा नट आता त्या खुर्चीत बसला आणि तू गुरूच्या जागेवर का बसलास, हा १९८४ मधला प्रश्न लोकांनी त्यालाही विचारला. मार्च २०१३ मध्ये आजारपणामुळे त्यांनी पद सोडले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला ते वारले.